विश्लेषण : पेणच्या खारेपाटात भातशेतीचे कांदळवन कसे होते?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ नावाचा धडा आहे. उत्पादक, भक्षक, विघटक, ऊर्जेचा मनोरा या व्याख्या पाठ करून मुले परीक्षेला बसतात. पेण आणि रोह्याच्या मुलांना मात्र हा धडा घराबाहेर पडताच दिसतो. इतकेच नव्हे, तर घरची जमीन हाती राहणार की नाही, हेही त्यातल्या एका संकल्पनेवर ठरू शकते.

एक बांध, दोन परिसंस्था

धरमतर खाडीच्या काठच्या पेण-अलिबाग पट्ट्याला खारेपाट म्हणतात. इथल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून खाडीचे पाणी अडवले आणि आत भातशेती केली. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते, तर भरतीला झडप बंद होऊन खारे पाणी बाहेरच राहते.

बांधावर उभे राहून पाहा. एका बाजूला भात, बेडूक, बगळे. दुसऱ्या बाजूला तिवर, चिंबोऱ्या, निवट्या. ऊन तेच, पाऊस तोच, मातीही मुळात तीच. फरक फक्त मिठाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. भाताचे रोप त्याच्या छोट्याशा अंशानेही करपते. एक अजैविक घटक बदलला की सगळे जैविक घटक बदलतात, ते असे. बांधाच्या आतही मीठ पूर्ण जात नाही. पावसाळ्यात ते धुऊन निघते आणि उन्हाळ्यात जमीन सुकू लागली की खालून पुन्हा वर चढते. म्हणूनच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ हे क्षार सहन करणारे भाताचे वाण तयार केले.

जिताडा महाग का?

खारेपाटात अनेक घरांजवळ तळे असते आणि तळ्यात जिताडा. पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्ले आणून सोडायची, छोटी मासळी खायला घालायची आणि दोन-तीन वर्षे वाट पाहायची. रायगडात काम अडले की साहेबांकडे जिताडा पोहोचतो, ही थट्टा जुनीच आहे. या माशाची मोठी किंमत ऊर्जेच्या मनोऱ्यातही आहे.

पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींनी सूर्यप्रकाशातून 10,000 एकक ऊर्जा साठवली असे धरा. त्यांना खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांकडे त्यातली साधारण 1,000 एकके पोहोचतात. छोट्या माशांकडे 100 आणि जिताड्याकडे 10. उरलेली ऊर्जा हालचाल आणि श्वसनात खर्च होते, उष्णता बनून जाते किंवा न खाल्लेल्या, न पचलेल्या भागात राहते. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत दहा टक्के कार्यक्षमतेचे यंत्र काढले असते तर मास्तरांनी वही परत फेकली असती, पण निसर्ग बहुधा याच आकड्याच्या आसपास चालतो. हा नियम ढोबळ आहे. जागेनुसार प्रमाण कमी-जास्त होते.

या मांडणीमागे रेमंड लिंडेमन हा अमेरिकी संशोधक होता. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा अभ्यास करून त्याने लिहिलेला निबंध 1942 मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापून येण्याआधीच, वयाच्या 26 व्या वर्षी, त्याचे निधन झाले होते.

रोह्यात रेषा कोणी हलवली?

पेणमध्ये गोड्या-खाऱ्याची सीमा बांधाने ठरते, तर रोह्यात वीजनिर्मितीने. ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याचे पाणी सह्याद्री उतरून भिरा वीजकेंद्रात येते. हे केंद्र 1927 पासून चालू आहे. वीज तयार झाल्यावर पाणी कुंडलिकेत सोडले जाते. म्हणजे पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, पण कोलाडला मे महिन्यातही राफ्टिंग चालते, ते यामुळेच. खाली रेवदंड्याच्या खाडीत खारे पाणी किती वर चढणार, यावर या गोड्या पाण्याचा परिणाम होतो. मात्र याच नदीकाठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आले आहे. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, तो माशांना कमी पडतो.

बांध फुटला की पुढे काय?

आता पुन्हा पेणकडे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली की भरतीचे पाणी शेतात शिरते. भात जातो, गोड्या पाण्यातले जीव मरतात. खांड लगेच बुजवली तर पुढच्या काही पावसाळ्यांत मीठ धुऊन जमीन सावरते.

ती उघडी राहिली, तर भरतीबरोबर तिवराच्या बिया येतात. तिवर पानांवाटे जादा मीठ बाहेर टाकते. चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी जमिनीवर येतात. या मुळांत गाळ अडकतो, गळलेली पाने विघटक कुजवतात, त्या कुजक्यावर खेकडे आणि कोळंबी जगतात आणि माशांची पिल्ले आसऱ्याला येतात. एका समूहाची जागा क्रमाने दुसऱ्याने घेणे, याला अनुक्रमण म्हणतात.

खाडीतल्या मच्छीमारासाठी ही चांगली बातमी आहे. शेतकऱ्यासाठी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यात कांदळवन तोडण्यास मनाई केली. सप्टेंबर 2018 च्या निकालात ती कायम केली आणि जमीन खासगी असली तरी हे संरक्षण लागू असल्याचे स्पष्ट केले. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. सातबारावर नाव शेतकऱ्याचे, पण उगवलेले झाड तोडले तर गुन्हा.

भराव आणि बांधकामांसाठी कांदळवने सर्रास तोडली जात होती, त्यामुळे कायदा कडक हवा होताच. पण भराव टाकणारा आणि बांध फुटल्यामुळे शेत गमावलेला, हे दोघे एकाच तराजूत बसत नाहीत. सरकारी योजनांमधल्या बांधांची देखभाल खारभूमी विकास विभागाकडे आहे. तिवर रुजण्याआधी खांड बुजवली गेली, तर वादाचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी हातात असलेला वेळ मात्र फार नसतो : तिवराचे बी झाडावरच अंकुरायला सुरुवात झालेले असते, आणि चिखलात टेकल्यावर थोड्याच दिवसांत ते मूळ धरते.