कामगंधाचा हिशेब

श्रावण-भाद्रपदात विदर्भाच्या कापूसपट्ट्यातून प्रवास करणाऱ्यास कपाशीच्या काही शेतांत काठीला टांगलेले एक लहानसे उपकरण दिसते. वर छत्रीसारखे झाकण, त्याखाली नरसाळे आणि नरसाळ्याला बांधलेली प्लॅस्टिकची लांबट पिशवी. झाकणाच्या आतल्या बाजूस बोटाच्या पेराएवढी रबराची गोळी अडकविलेली असते. या गोळीला येणारा वास माणसाच्या नाकास जाणवत नाही. परंतु गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगास तो अंधाऱ्या रात्री दुरून ओढून आणतो आणि सकाळी पिशवीत मेलेल्या पतंगांचा खच सापडतो. शेतकरी या उपकरणाला कामगंध सापळा म्हणतो. शासकीय पत्रकांतून जन्मलेले शब्द बहुधा पत्रकांतच मरतात. हा शब्द मात्र अर्थवाही असल्याने शेतात रुजला आहे.

मादी नराला वासाने बोलाविते, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गनिरीक्षक झां-आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या एका मोठ्या पतंग-मादीकडे रात्री घरात शिरणाऱ्या नरांची रांग पाहिली होती. शेजारी नॅफ्थलीन ठेवूनही नर चुकले नाहीत, हे त्यांनी नोंदविले. परंतु निरीक्षण वेगळे आणि त्या वासाचे द्रव्य हाती लागून त्याचा रेणू कागदावर मांडता येणे वेगळे. या दोहोंमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

ती मजल जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट यांनी गाठली. त्यांनी निवडला रेशमाचा पतंग, आणि या निवडीमागचे कारण निव्वळ व्यवहारी होते. रेशीम-उद्योगामुळे या किड्याचे कोष लाखांच्या संख्येने विकत मिळत. सुमारे वीस वर्षे हे काम चालले. पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी काढून, त्यांचा अर्क पुनःपुन्हा शुद्ध करून अखेरीस हाती आले ते अवघे बारा मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही ते कमी. प्रत्येक पायरीवर अर्काचा कोणता भाग जिवंत आहे हे ठरवावयाचे साधन एकच होते, ते म्हणजे नर पतंग. काचेच्या कांडीवर अर्क लावून ती त्याच्यापुढे धरावयाची. तो पंख फडफडवू लागला तर तो भाग ठेवावयाचा, नाही तर टाकून द्यावयाचा. १९५९ मध्ये त्या द्रव्याची रचना जाहीर झाली आणि त्यास बाँबिकॉल हे नाव मिळाले. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्यूशर या दोन शास्त्रज्ञांनी अशा संदेशवाहक द्रव्यांसाठी फेरोमोन हा शब्द सुचविला.

पुढे साधने सुधारली. वायुरूप मिश्रण एका लांब व केसासारख्या बारीक नळीतून सोडले की त्यातील घटक आपापल्या गतीने, एकामागून एक बाहेर पडतात. नळीच्या टोकास दोन फाटे करून एका फाट्याचा वायू यंत्राकडे आणि दुसऱ्याचा थेट किड्याच्या शृंगिकेवर सोडता येतो. श्नायडर यांनी १९५७ मध्येच रेशमाच्या पतंगाच्या शृंगिकेस विद्युत्-अग्रे जोडून गंधाने उठणारी विजेची लहर मोजली होती. दोन्ही पद्धती एकत्र आल्यावर शेकडो घटकांच्या गर्दीतून किड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा नेमका कोणता, हे त्याची शृंगिकाच सांगू लागली. जेथे पाच लाख माद्या लागल्या होत्या तेथे आता मूठभर पुरतात आणि ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावी लागणारी द्रव्येही ओळखता येतात.

या तंत्राने वनस्पती आणि बुरशी यांचीही गुपिते उघडी पडली. सुरणाच्या फुलोऱ्याचा कुजट वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि सडके मांस शोधणाऱ्या किड्यांना तो फसवितो. युरोपातील काही ऑर्किडे तर मधमाशीच्या मादीचा गंध हुबेहूब तयार करून नराकरवी आपले परागण फुकटात करून घेतात. अळीने कुरतडलेले मक्याचे रोप हवेत जी द्रव्ये सोडते त्यांचा माग काढीत अळीवर जगणारी गांधीलमाशी येते, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. जमिनीखाली वाढणारी ट्रफल ही महागडी बुरशी डुकरे कशी हुडकतात याविषयी एक चटकदार सिद्धान्त प्रचलित होता. तिच्यात नर डुकराच्या कामगंधाशी नाते सांगणारे द्रव्य सापडले असल्याने डुकरीण प्रियकर समजून माती उकरते, असे म्हटले जाई. पुढे शेतात प्रत्यक्ष चाचणी घेतली तेव्हा डुकरे त्या द्रव्याकडे ढुंकूनही न पाहता डायमिथिल सल्फाइड या साध्या गंधकी द्रव्याकडे वळली. एखादे द्रव्य सापडणे आणि त्याने काम होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा हा नमुना होय.

कपाशीच्या बाबतीतही हीच चूक घडली, आणि ती महागात पडली. गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ चे आहे, आणि तेही भडोच परिसरात कापसाची नासाडी करताना सापडलेल्या नमुन्यांवरून केलेले. अमेरिकेत ही कीड पोहोचल्यावर तेथील कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये तिचा कामगंध ओळखल्याचे जाहीर केले व त्यास प्रोपिल्युर असे नाव दिले. तथापि प्रयोगशाळेत तयार केलेले हे द्रव्य शेतात ठेवले असता नर फिरकलेच नाहीत. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका गटाने खरे उत्तर दिले. हा गंध एका द्रव्याचा नसून दोन जुळ्या द्रव्यांचा आहे. दोघांच्या कार्बन-साखळ्या सारख्याच, केवळ एका जोडबंधापाशी साखळी कोणत्या अंगाने वळते एवढाच फरक. आणि मादी ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ समप्रमाणात सोडते. कपाशीच्या शास्त्रीय नावावरून या मिश्रणास गॉसिप्ल्युर म्हणतात. गंमत अशी की या जुळ्यांतील एकच द्रव्य सुटे सोडले तर तो साठविलेल्या धान्यात वाढणाऱ्या अँगुमा पतंगाचा कामगंध ठरतो. भाताच्या कणगीतला पतंग आणि कपाशीच्या बोंडातली अळी यांच्या भाषेत फरक आहे तो अर्ध्या मिश्रणाचा.

एवढ्या नेमकेपणाचा उपयोग काय, हे अळीच्या वागणुकीवरून कळते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच अवधीत फुलात वा कोवळ्या बोंडात शिरते, आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. पुढे डोमकळी दिसते किंवा बोंड उकलल्यावर कवडी हाती येते तेव्हा कळते की नुकसान होऊन गेले आहे. बोंडाच्या आत बसलेल्या अळीवर बाहेरून कितीही औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा फवारणी करावयाची तर ती पतंग उडू लागताच व अंडी पडण्याच्या सुमारास केली पाहिजे, आणि तो मुहूर्त सांगण्याचे काम सापळा करतो. हेक्टरी पाच सापळे लावावेत, आणि लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ नर सापडले तर उपाय योजावा, असा कृषितज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. रोज सकाळी शेतात जाऊन पतंग मोजावयाचे, विद्या एवढीच.

२००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा ही विद्या विसरली गेली. बियाणेच अळीला मारणार म्हटल्यावर पतंग मोजण्याचे काम कोण करणार? किडीने मात्र आपला अभ्यास चालूच ठेवला होता. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळल्याचे जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांचे वाणही गुलाबी अळीपुढे हतबल ठरले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या सर्व फवारण्या या एकाच अळीसाठी नव्हत्या, हे नमूद करावयास हवे. परंतु केव्हा, कशासाठी आणि किती फवारावे याचा विवेक हरपला की काय होते, हे त्या वर्षी दिसले.

येथे रसायनशास्त्र संपते आणि अर्थशास्त्र सुरू होते. सापळा इतका गुणकारी तर तो प्रत्येक शेतात का नाही? अज्ञान हे याचे सोयीस्कर उत्तर आहे, आणि ते बरेचसे चुकीचे आहे. कीटकनाशक अनेक किडींना मारते, म्हणून त्याची बाजारपेठ मोठी. कामगंध एकाच जातीला बोलावितो, म्हणून त्याची बाजारपेठ तेवढ्यापुरतीच. शास्त्रज्ञाला ज्या गुणाचे कौतुक वाटते तोच गुण विक्रेत्याच्या दृष्टीने दोष ठरतो. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर औषधाच्या बाटलीशेजारी रबरी गोळी ठेवणाऱ्या दुकानदारास बाटलीवर चार पैसे सुटतात. गोळीने तर बाटलीचा खप कमी होण्याचाच संभव! पीक धोक्यात आले की शेतकरी सल्ला विचारावयास जातो तो बहुधा या दुकानातच, आणि उधारीही तेथेच मिळते. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असेल तर सल्ला कोणत्या बाजूस झुकेल, हे सांगण्यासाठी पदव्युत्तर पदवीची आवश्यकता नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सापळे लावून नर वेचून काढले तर कीड आटोक्यात येईल, असे वरवर वाटते. परंतु एक नर अनेक माद्यांशी संग करू शकत असल्याने निम्मे नर मारले म्हणून अंडी निम्म्यावर येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग काढला. दोरीच्या तुकड्यांतून किंवा झाडास लावलेल्या मेणासारख्या लेपातून हा गंध साऱ्या शेतात इतका भरून ठेवावयाचा की नराला मादी सापडूच नये. यासाठी अमेरिकेत १९७८ मध्येच गॉसिप्ल्युरला मान्यता मिळाली होती, आणि आपल्याकडेही अलीकडच्या वर्षांत अशी उत्पादने आली आहेत. या उपायास विस्तीर्ण सलग क्षेत्र लागते. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू असते सुमारे २०९ फूट. म्हणजे शेताच्या मध्यभागी उभे राहिले तरी बांध जेमतेम १०५ फुटांवर. शेजारच्या शेतात संग करून आलेली मादी तेवढे अंतर सहज उडून येते आणि निर्धास्तपणे अंडी घालते. ज्याने गंधाचा खर्च केला त्याचे नुकसान टळत नाही. उलट साऱ्या शिवाराने खर्च केला आणि एकाने केला नाही, तर त्या एकालाही फुकट संरक्षण मिळते. प्रत्येकाने असाच विचार केला की कोणीच खर्च करीत नाही. फरदडीचेही तेच. हंगामानंतर पऱ्हाटी उभी ठेवून चार मण कापूस अधिक घेणारा शेतकरी स्वतःपुरता शहाणपणाने वागतो, आणि गावाच्या पुढल्या हंगामासाठी अळी जोपासतो. त्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. पदरात पडणारे ते चार मण कोणीही सोडून देणार नाही.

अमेरिकेने ही कोंडी फोडली. ॲरिझोनातील पार्कर खोऱ्यात १९९० च्या आसपास वीस हजारांहून अधिक एकरांवर एकत्रितपणे कामगंध वापरून किडीचे प्रमाण नगण्य करण्यात आले. पुढे नैर्ऋत्येकडील राज्ये आणि उत्तर मेक्सिको मिळून व्यापक मोहीम झाली. बीटी वाण, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणे, कामगंध आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडणे असे चारही उपाय एकदम योजले गेले. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी मतदानाने या मोहिमेस संमती दिली आणि खर्चाचा मोठा वाटा उत्पादकांनी वर्गणीरूपाने स्वतः उचलला. २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याची अधिकृत घोषणा झाली. तेथील शेते शेकडो एकरांची, उत्पादक मोजके आणि सभोवार वाळवंट, हे फरक ध्यानात घेतलेच पाहिजेत. आपल्या गावात तेवढ्याच क्षेत्राला दोनशे सह्या लागतील.

तथापि सह्या गोळा करण्याची पद्धत महाराष्ट्रास अपरिचित नाही. सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात उसाची नोंद होते, लागणीच्या तारखा ठरतात आणि वर्गणी उसाच्या बिलातून परस्पर कापली जाते. कापसाला असे घर नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत अनेक दोष होते आणि ती मोडली याचे दुःख फार थोड्यांना झाले. परंतु राज्यातील सारा कापूस ज्या एका दारातून जावा अशी अपेक्षा होती ते दारही तिच्याबरोबर गेले. आज बाजार समितीत वा जिनिंगच्या काट्यावर क्विंटलमागे अल्पशी रक्कम कापून ती तालुक्याच्या कामगंध-निधीत जमा करणे अशक्य नाही. मात्र त्या निधीचा हिशेब कापूस पिकविणाऱ्यांच्याच हाती हवा. नाही तर तीही आणखी एक पट्टी ठरेल, आणि शेतकरी ती चुकविण्याचा मार्ग शोधील.

असा निधी हवा याचे आणखी एक साधे कारण आहे. गंधाची गोळी वा लेप शेतात जावयास हवा तो पात्या लागण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने. बियाणे-खतांत पैसा गुंतलेला, पीक-कर्ज संपलेले आणि पहिली वेचणी अद्याप दोन-अडीच महिने दूर, असा तो काळ असतो. त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या खिशात रोकड नसते आणि त्याला उधार देणाऱ्या दुकानात गोळी नसते. कापूस काट्यावर येतो तेव्हा, डिसेंबरात, कापलेली वर्गणी पुढल्या श्रावणात गोळ्यांच्या रूपाने गावात पोहोचविणे, एवढेच काम त्या निधीला करावयाचे आहे.