प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, आवरत नाही

कुरुंदा हे वसमत तालुक्यातल्या हळदीच्या पट्ट्यातलं गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे हळद निघते, शिजते, वाळत पडते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा भागात कुणाला महिनोन्‌महिने रक्त-आव पडू लागली, की पहिला सल्ला ठरलेला: ‘हळद घे, प्रतिकारशक्ती वाढेल.’ पण दुखणं अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा करणारं निघालं, तर या सल्ल्यातला निम्मा भाग चुकीचा आणि निम्मा अर्धवट ठरतो.

गैरसमज: शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच.
वस्तुस्थिती: मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं आणि शौचाच्या शेवटी पडतं. कोलायटिसमध्ये रक्ताबरोबर आव पडते, दिवसातून अनेकदा घाईने पळावं लागतं, रात्री झोपमोड होते. क्रोन्समध्ये रक्त दिसेलच असं नाही. पोटदुखी, जुलाब आणि घटतं वजन हीच खूण असू शकते. असं काही आठवडे चाललं, तर मलम लावत बसू नये, नांदेड गाठून आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. शौचाची ‘कॅल्प्रोटेक्टिन’ ही तपासणीही उपयोगी पडते. हे प्रथिन मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतून येतं. ते वाढलेलं असेल, तर आतड्यात या पेशींची गर्दी झाली आहे असं समजतं.

गैरसमज: प्रतिकारशक्ती कमी झाली, म्हणून हा आजार झाला.
वस्तुस्थिती: बिघाड उलट दिशेचा आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो. समोरून रोज अन्न जातं, अब्जावधी जिवाणू कायमचे मुक्कामाला असतात. त्यांच्यावर तुटून पडायचं नाही, हे या पेशींना सांगणाऱ्या पेशीही तिथेच असतात: रेग्युलेटरी टी पेशी. त्यांच्या शोधाला 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या पेशी घडवणारं फॉक्स-पी-3 जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल, तर तान्ह्या बाळालाही आतड्याच्या दाहाने भयंकर जुलाब होतात.

कोलायटिस आणि क्रोन्समध्ये हा आवर सुटतो. मॅक्रोफेज पेशी टीएनएफ आणि आयएल-23 हे रासायनिक निरोप सोडतात, त्यांनी टी पेशी चेततात आणि मागोमाग रक्तातून न्यूट्रोफिल धावून येतात. कोलायटिसच्या रुग्णाच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर अस्तरातल्या नळीसारख्या ग्रंथींत न्यूट्रोफिल घुसून पू साचलेला दिसतो. हल्ला करण्याजोगा जंतू मात्र तिथे सापडत नाही. अनुवंश, जिवाणूंची बदललेली वस्ती आणि राहणीमान यांचा यात हात असतो. नेमकं एकच कारण नसतं.

गैरसमज: मग या पेशींना सरसकट दाबलं की झालं.
वस्तुस्थिती: त्याच पेशी राखणही करतात. क्रोन्समध्ये आयएल-17 हा निरोप अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2012 मध्ये आले: काही रुग्णांचा आजार बळावला होता, कारण आयएल-17 आतड्याचं अस्तर शाबूत ठेवायलाही मदत करतं. आयएल-23 अडवणारी औषधं मात्र लागू पडली.

टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब 1998 पासून क्रोन्ससाठी वापरात आहे. पण शरीरात दबून असलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. त्यातून आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला सारखेच. निदान चुकून टीबीच्या रुग्णाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: घरच्या हळदीने कोलायटिस बरा होतो.
वस्तुस्थिती: हळदीतल्या कर्क्युमिनवर खरोखर काम झालं आहे. जपानमध्ये 2006 साली आजार आटोक्यात असलेल्या 89 रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधांसोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या 43 पैकी दोघांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नकली गोळी घेणाऱ्या 39 पैकी आठांचा. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम एवढी कमी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा फायदा दिसला नाही.

आता घरचा हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 ते 5 टक्के धरलं, तर 2 ग्रॅमसाठी रोज 40 ते 67 ग्रॅम हळद पोटात जायला हवी. तेवढी कुणी खात नाही आणि खाऊही नये. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. शिवाय जपानी रुग्णांनी मूळ औषध सोडलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

गैरसमज: रक्त थांबलं की गोळ्या बंद.
वस्तुस्थिती: रक्त थांबलं तरी अस्तरात पेशींची धुमश्चक्री चालू असू शकते. मेसालामाइनसारखी औषधं ती पुन्हा भडकू नये म्हणूनच चालू ठेवतात. कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असेल, तर काही वर्षांनी कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी लागते.

तेव्हा घरातल्यांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे आणि चूर्णं रुग्णाच्या माथी मारू नयेत. भाजी-आमटीतली हळद चालू द्यावी. गोळ्यांची वेळ चुकू देऊ नये आणि पुढच्या तपासणीला कुणीतरी सोबत जावं.