व्यक्तिचित्रं बघायला जाताना

शाळेत, ग्रामपंचायतीत, माजघराच्या भिंतीवर आपण रोज तसबिरी बघतो. जयंतीला हार घातला, नमस्कार केला की झालं. संग्रहालयात हीच सवय आड येते. तिथे माणूस कोण होता यापेक्षा तो रंगांतून कसा उभा केला आहे, हे बघायचं असतं.

त्यासाठी मुंबईत काळा घोडा गाठावा. शहापूरकरांनी आसनगावहून लोकल धरावी, मुरबाडकरांनी एसटीने कल्याणला यावं आणि तिथून लोकल धरावी. सीएसएमटीपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अगदी जवळजवळ आहेत. यातलं शेवटचं सोमवारी बंद असतं.

पहिली फेरी भरभर मारावी. सगळंच नीट बघायचा हट्ट धरला तर डोळ्यांआधी पाय थकतात. थांबावंसं वाटेल अशी चार-पाच चित्रं हेरावीत आणि मग त्यांच्याकडे परत यावं. पाटी आधी वाचू नये. नाव आणि हुद्दा कळला की डोळे आळसावतात.

तैलचित्र असेल तर लांब उभं राहून उजेड कुठून येतोय ते शोधावं. जुने चित्रकार समोरच्या माणसाला बहुतेक एका बाजूच्या खिडकीच्या प्रकाशात बसवत. म्हणून एक गाल उजळ, दुसरा सावलीत, आणि या फरकातूनच नाक-हनुवटीला उठाव येतो. आता जवळ जावं, हात मात्र मागे बांधून. सावलीतला रंग बऱ्याचदा पातळ असतो, उजेडातला जाड. पगडीची जर म्हणून जी दिसत होती, ती जवळून नुसते पिवळे-पांढरे फटकारे निघते. डोळ्यातला ओलावा म्हणजे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. दोन पावलं मागे सरकलं की पुन्हा जर आणि पुन्हा डोळा. ही ये-जा मनसोक्त करावी, खरी मजा तिथेच आहे. हातही बघावेत. हात रंगवणं अवघड, आणि कच्चा चित्रकार ते बाहीत लपवतो असं माझं मत आहे.

चित्रातला माणूस समोर बघत असेल, तर कुठूनही बघा, त्याची नजर आपल्यावरच असते. यात जादू नाही. चित्र सपाट असल्याने आपण बाजूला सरकलो तरी बुबुळाची जागा बदलत नाही.

जलरंगाची गोष्ट वेगळी. तिथे पांढरा म्हणजे बहुधा कोरा सोडलेला कागद, आणि चूक झाकणं कठीण. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलं आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून अशा दालनात दिवे मंद ठेवतात. फ्लॅश मारू नये तो याचसाठी.

वस्तुसंग्रहालयातली मुघल लघुचित्रं तैलचित्रांच्या अगदी उलट. चेहरा बहुधा बाजूने, एकच डोळा दिसणारा, छायाप्रकाश जवळपास नाही. ती मुळात हातात धरून बघायची चित्रं, तेव्हा काचेजवळ वाकूनच बघावीत.

पाटी आता वाचा: नाव, साल, माध्यम. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार धुरंधर, पेस्तनजी बोमनजी, त्रिंदाद यांपैकी कुणाचं नाव दिसलं तर त्या चित्राला जरा जास्त वेळ द्या.

परतताना शहापूरकरांनी कसारा किंवा आसनगाव लोकलच धरावी. कर्जतची गाडी कल्याणपर्यंतच उपयोगाची.