काजवा उजेड कसा पेटवतो आणि विझवतो

काजव्याचा उजेड त्याच्या पोटाच्या शेवटच्या खंडांतून, खालच्या बाजूने बाहेर पडतो. काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातील लॅम्पिरिडी कुळातला कीटक असून या कुळात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. दिवसा पाहिल्यास त्याच्या पोटाच्या टोकाकडचा भाग फिकट, दुधी पिवळसर दिसतो. हाच त्याचा प्रकाश-अवयव. अनेक जातींत नराचे दोन खंड प्रकाश देतात, तर मादीचा एकच; त्यामुळे नराची चमक अधिक ठळक असते.

या अवयवावरचे कवच पारदर्शक असते. त्याच्या आत प्रकाशपेशींचा थर आणि त्यामागे युरिक आम्लाच्या क्षारांच्या सूक्ष्म स्फटिकांचा पांढरा थर असतो. आत शिरू पाहणारा प्रकाश हा थर बाहेर परतवतो.

प्रकाश निर्माण होतो तो प्रकाशपेशींत. तिथे ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य आणि ल्युसिफेरेज नावाचे विकर असते. ही नावे फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली. पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीही या प्रकाशासाठी लागते, हे अमेरिकेतील विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवले. विकर आधी मॅग्नेशियमच्या साहाय्याने ल्युसिफेरिन आणि एटीपी यांचा संयोग घडवते. मग या संयुगाची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ऑक्सिल्युसिफेरिनचा रेणू उत्तेजित अवस्थेत तयार होतो. तो मूळ स्थितीत येताना जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडतो. सगळ्या काजव्यांचे ल्युसिफेरिन एकच असते. विकराची रचना मात्र जातीनुसार थोडी बदलते आणि तिच्यामुळे प्रकाशाची छटा हिरवट किंवा पिवळसर होते. अभिक्रिया झालेल्या दर शंभर रेणूंमागे सुमारे 41 प्रकाशकण मिळतात, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. उष्णता जवळजवळ जाणवत नाही, म्हणून याला शीत प्रकाश म्हणतात.

ही सामग्री पेशीत कायम तयार असते, तरी काजवा सतत पेटलेला नसतो. लुकलुकण्याची किल्ली ऑक्सिजनच्या हाती आहे. कीटकाच्या शरीरात हवा श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. प्रकाशपेशीच्या कडेला तंतुकणिका दाटीने असतात आणि आलेला ऑक्सिजन त्याच वापरून टाकतात. आतल्या ल्युसिफेरिनपर्यंत तो पोहोचत नाही. मेंदूकडून संदेश आला की चेतातंतूंच्या टोकांशी ऑक्टोपामाइन स्रवते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यानंतर नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते तंतुकणिकांचे श्वसन क्षणभर रोखते. वाचलेला ऑक्सिजन आत शिरतो आणि पेशी उजळते. नायट्रिक ऑक्साइडचा प्रभाव ओसरताच तंतुकणिका पुन्हा ऑक्सिजन वापरू लागतात आणि पेशी विझते. अळीतही प्रकाश असतो, पण तो सावकाश वाढतो आणि सावकाश मावळतो. तो भक्षकांसाठी इशारा असतो. अनेक जातींच्या अळ्या बेचव किंवा विषारी असतात.

प्रौढ काजव्याची चमक मुख्यतः जोडीदारासाठी असते. किती वेळ चमकायचे आणि दोन चमकांत किती थांबायचे, हे प्रत्येक जातीचे ठरलेले असते, आणि त्यावरून नर-मादी एकमेकांना ओळखतात. सह्याद्रीत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरांत मेअखेरीपासून जूनमध्ये, पाऊस जोर धरेपर्यंत, हे संकेत झाडांवर एकत्र दिसतात. काही झाडांवर हजारो काजवे एका तालात उजळतात.

या संकेतांना काळोख लागतो. गाडीचे दिवे, विजेरी, मोबाइलचा प्रकाश यांत ही चमक बुडून जाते आणि उत्तर-प्रत्युत्तराचा क्रम तुटतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य बहुधा काही आठवड्यांचेच असते. त्या मुदतीत जोडी जमली नाही तर अंडी घातली जात नाहीत, म्हणून काजव्यांच्या रानात रात्री दिवे बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.