समजून घ्या: स्नायूंचा आनुवंशिक आजार असलेली माणसं वारंवार का पडतात?

सपाट रस्ता, समोर काही अडथळा नाही आणि तरी तिशी-चाळिशीतला एखादा माणूस चालता चालता अचानक कोसळतो. आजूबाजूच्यांना वाटतं, चक्कर आली असेल. काही जण तर 'प्यायलाय' असं म्हणून मोकळे होतात. पण मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखा स्नायूंचा आनुवंशिक आजार असेल, तर यातलं काहीच खरं नसतं.

तोल सांभाळताना मेंदू, डोळे, आतला कान आणि स्नायू एकत्र काम करतात. या आजारांत बहुतेकदा पहिले तिघे ठणठणीत असतात. आपण पडतोय हे माणसाला कळतं, स्वतःला सावरायचा आदेशही मेंदूकडून सुटतो. तो पाळायला स्नायूत ताकद नसते, एवढंच.

प्रत्येकाचं पडणं वेगळं

कुठला स्नायू दुबळा आहे, त्यावर माणूस कसा पडणार हे ठरतं. जीएनई मायोपॅथी साधारण विशीत-तिशीत सुरू होते आणि तिचे रुग्ण भारतातही आढळतात. त्यात नडगीच्या पुढचा स्नायू आधी कमजोर होतो. मग चालताना पाऊल पुरेसं उचललं जात नाही, त्याला डॉक्टर 'फूट ड्रॉप' म्हणतात. चवडा सतरंजीच्या कडेत किंवा उंबरठ्यात अडकतो आणि माणूस पुढे तोंडावर पडतो. पायातली चप्पल सारखी निसटणं हे याचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं.

लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफीत मात्र कंबर आणि मांड्यांचे स्नायू जातात. गुडघा जरासा वाकला की तो दगा देतो आणि माणूस जागच्या जागी खाली बसतो. हे टाळायला अनेक जण गुडघे मागे ताठ ठेवून, पोट पुढे काढून चालतात. बघणाऱ्याला ती ऐट वाटते, खरं तर ती कसरत असते. गर्दीतला हलकासा धक्काही ती मोडतो. खांदेही कमजोर असतील तर पडताना हात पुढे येत नाहीत, मार थेट डोक्याला बसतो.

मायोटोनिक डिस्ट्रॉफीची गोष्ट आणखी वेगळी. त्यात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून या रुग्णाला पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर 'पाय घसरला असेल' म्हणून सोडून देऊ नये. लगेच डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढायला हवा.

एका फ्रॅक्चरची किंमत

निरोगी माणूस सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तरी नंतर व्यायामाने ताकद परत मिळवतो. इथे तसं नसतं. अंथरुणात गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही, आणि काहींचं चालणं एका फ्रॅक्चरनंतर कायमचं थांबतं. त्यामुळे हाड मोडलं तर रुग्णाला लवकरात लवकर उभं कसं करता येईल, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव सांगायलाच हवं. भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलिन हे औषध अशा रुग्णांना धोक्याचं ठरू शकतं.

मग करायचं काय?

घरापासून सुरुवात करता येते. सरकणारी पायपुसणी काढावीत, मोरीत आणि संडासात भिंतीला पकडायला दांडा लावावा, कमोड आणि खुर्ची उंच असावी. फूट ड्रॉप असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट, म्हणजे एएफओ, उपयोगी पडतो. पण मांड्या दुबळ्या असतील तर तोच स्प्लिंट अडचण करू शकतो, म्हणून फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय विकत घेऊ नये. व्यायामाचंही तसंच. झेपेल तेवढा चांगला, पण जिममध्ये घाम गाळून हा आजार बरा होत नाही, नातेवाईक काहीही म्हणोत.

काठी घ्यायला तरुण मंडळी लाजतात. पण काठीचा एक फायदा आधारापलीकडचा आहे. ती दिसली की लोक जागा देतात, धक्के कमी लागतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो.

आणि तुमच्यासमोर असं कुणी पडलं तर? धावत जाऊन हात धरून ओढू नका, दुबळा खांदा निखळू शकतो. लागलंय का ते आधी विचारा. मग 'कसं उचलू?' असं विचारा. बहुतेकांची उठायची स्वतःची पद्धत ठरलेली असते. कुणाला फक्त एक खुर्ची हवी असते, तर कुणाला मागून कमरेला आधार.