आईचे रक्त आणि दुसरे अपत्य

समजा, बेळगावची एक लेक विवाहानंतर बंगळुरास राहावयास गेली. पहिल्या बाळंतपणासाठी ती रीतीप्रमाणे माहेरी आली, मूल सुखरूप जन्मले आणि तिसऱ्या महिन्यात मायलेकरे परत गेली. रुग्णालयाचा कागद मात्र माहेरच्या कपाटातच राहिला. दुसऱ्या गर्भारपणात बंगळुरातील डॉक्टरांनी विचारले, "पहिल्या वेळी अँटी-डीचे इंजेक्शन घेतले होते काय?" तिला उत्तर देता येईना.

हा प्रश्न का विचारावा लागतो, ते पाहू.

ए, बी, एबी, ओ हे रक्तगट सर्वपरिचित आहेत. ह्यांखेरीज बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचा घटक असतो. तो ज्यांच्या ठायी नाही त्यांना आर-एच निगेटिव्ह म्हणतात. (निगेटिव्ह म्हणजे उणेपणा नव्हे, सासरच्यांनी ह्यावरून सुनेस दोष देणे निव्वळ अज्ञान होय.) भारतात असे लोक शंभरांत सुमारे पाच आढळतात.

आई निगेटिव्ह आणि पिता पॉझिटिव्ह असल्यास मूल पित्यावर जाऊन पॉझिटिव्ह होऊ शकते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या पेशींना परक्या समजून त्यांविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. हे कार्य सावकाश चालते, म्हणून पहिले मूल बहुधा निर्धोक जन्मते. पुढच्या खेपेस मात्र तीच प्रतिद्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. मग बाळास पांडुरोग व तीव्र कावीळ होते. कधी ते गर्भातच दगावते. गर्भपातानंतरही आईच्या शरीरात अशी प्रतिद्रव्ये उत्पन्न होऊ शकतात, आणि नेमकी हीच गोष्ट घरात झाकून ठेवली जाते!

१९६०च्या दशकात लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी ह्यावर उपाय शोधला. बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईस अँटी-डी टोचावयाचे, म्हणजे तिच्या शरीराने दखल घेण्यापूर्वीच बाळाच्या पेशी नाहीशा होतात. आता गर्भारपणाच्या २८व्या आठवड्याच्या सुमारासही ते देतात. परंतु प्रतिद्रव्ये एकदा निर्माण झाली की त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा गर्भावर सतत लक्ष ठेवावे लागते, आणि प्रसंगी गर्भाशयातच बाळास रक्त द्यावे लागते.

त्या बेळगावच्या लेकीची कूम्ब्स चाचणी करतील. प्रतिद्रव्ये न आढळल्यास इंजेक्शनाची वेळ अद्याप गेलेली नाही. आढळलीच, तर डॉक्टरांना पहिल्या बाळंतपणाचा सारा वृत्तान्त लागेल, आणि बेळगावास निरोप धाडून कपाटातला तो कागद मागवावा लागेल.