ओल्या जाळीतली वीज

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की थोड्याच वेळात त्याच्याभोवती पारदर्शक गर फुगतो. तो चिमटीत धरला तरी पाणी गळत नाही. लांबलचक रेणूंच्या जाळीनं ते धरून ठेवलेलं असतं. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. चेकोस्लोव्हाकियाच्या ऑटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० साली शरीराला चालतील अशा जेलवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी विख्तर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र उभारलं, आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या.

आता त्याच ओल्या जाळीतून वीज न्यायची आहे.

धातूची किंवा सिलिकॉनची पट्टी शरीराला परकी असते. मेंदूची ऊती सिलिकॉनच्या मानानं कोट्यवधी पटींनी मऊ, म्हणून कडक इलेक्ट्रोड आत घासत राहतो आणि भोवती व्रण धरतो. शिवाय तारेतून इलेक्ट्रॉन धावतात, तर शरीरात आयन. या दोहोंची गाठ जेलमध्ये मिसळलेला पेडॉट-पीएसएससारखा विद्युतवाहक बहुवारिक घालून देतो. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं नोबेल मिळालं ते अशाच विद्युतवाहक बहुवारिकांच्या शोधासाठी.

असं जेल जखमेवर पट्टी म्हणून लावायचं तर खरी कसोटी पुढेच आहे. पट्टीखालची ऊब आणि ओल जखमेला मानवते, तशी जंतूंनाही. चांदीचे कण मिसळले तर जंतू मरतात, पण चांदी हळूहळू झिरपून संपते आणि जास्त झाली तर त्वचेच्या पेशींनाही बाधते. म्हणून जंतुनाशक गुण जाळीच्या साखळीतच गुंफणं अधिक शहाणपणाचं. चीनमधल्या शीआन इथल्या संशोधकांनी २०१७ साली हेच केलं. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसान त्यांनी धनभारित केलं आणि त्यावर विद्युतवाहक पॉलिॲनिलीनचं कलम केलं. जंतूंचं बाह्य आवरण ऋणभारित असतं. ते या साखळीकडे ओढलं जातं आणि फाटतं. हे जेल सुईतून जखमेत सोडता येतं आणि तुटलं तर आपोआप सांधतं. मासळी निवडताना आपण फेकून देतो त्या टरफलांचं मोल इथे कळतं!

जखमेची स्वतःची वीजही असते. १८४० च्या दशकात जर्मनीत द्यु ब्वा-रेमाँ यांनी आपल्याच बोटाच्या जखमेतला सूक्ष्म प्रवाह मोजला होता. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेली पट्टी त्याच दिशेनं पुढे जाते. ती त्वचेचं तापमान आणि विद्युतरोध मोजते, गरजेनुसार सौम्य वीज देते, आणि सुमारे ४० अंश सेल्सिअसला तिचं जेल अलगद सुटतं. ड्रेसिंग काढताना ताजी कातडी सोलवटण्याचं दुखणं ज्यानं सोसलं आहे, त्याला या शेवटच्या गुणाची किंमत सांगायला नको. प्रयोगात जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या, पण त्या उंदरांच्या.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पायाची जखम चिघळून बोट किंवा पाऊल गमावण्याची धास्ती यांच्यातल्या अनेकांना असते. या जेलची परीक्षा अशा पायांवर, महिनोन्महिने आणि सरकारी रुग्णालयाला परवडेल अशा किमतीत झाली पाहिजे.